घरचं लिनक्स

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्या शहाण्याने म्हणून ठेवलं, त्याच्या काळात सर्व्हर नव्हते. असते तर त्याने म्हणीत तिसरा तुकडा नक्की घातला असता आणि दीपक पुंजा आहेरराव यांना वेळीच थोडी धास्ती बसली असती. पण म्हण अपुरी राहिली आणि तिचं प्रायश्चित्त दीपकला घ्यावं लागलं.

दीपक गंगापूर रोडवरच्या नीरक्षीर पॅथॉलॉजी लॅबमध्ये संगणक विभागाचा प्रमुख होता. विभागात खुर्ची एकच असल्यामुळे प्रमुखपदाला स्पर्धा नव्हती. रोज सकाळी देवळाली कॅम्प, विंचूर आणि हरसूलच्या केंद्रांवरून रक्ताचे नमुने बर्फाच्या पेट्यांतून येत, यंत्रं त्यांतून आकडे काढत, आणि कोणता आकडा कोणाचा हे लक्षात ठेवून रिपोर्ट छापायचं काम कोपऱ्यातला सर्व्हर करी. सर्व्हर म्हणजे तरी काय, कधीच बंद न करायचा मोठा संगणक. त्यावर आयतं मिळणारं लिनक्स होतं. नऊ वर्षं ते बिनतक्रार चाललं, आणि दीपकची खरी तक्रार तीच होती. बिनतक्रार चालणाऱ्या वस्तूच्या माणसाला कोणी चहासुद्धा विचारत नाही.

मग एका सोमवारी सकाळी नऊ वाजता, बाहेर उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग लागलेली असताना, त्या आयत्या लिनक्सने स्वतःहून स्वतःला सुधारून घेतलं आणि सुधारणा अंगवळणी पडेपर्यंत वीस मिनिटं डोळे मिटून घेतले. उपाशी माणूस कोणाचाच नसतो. आरडाओरडा झाला. लॅबच्या मालकीण डॉ. चैताली देवरे स्वतः बाहेर आल्या.

"आहेरराव, का बंद पडलं?"

"मॅडम, वरून अपडेट आलं."

"वरून म्हणजे कुठून?"

या प्रश्नावर दीपकने छताकडे पाहिलं. झेबा काउंटरवर रिपोर्ट वाटायचं काम करायची, ती फिस्सकन हसली. मॅडम आत गेल्या. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणी काही विचारलं आणि उत्तर देता आलं नाही, हे दीपकला फार लागलं. आपल्या सर्व्हरमध्ये कोण काय पाठवतं, हे आपल्याला ठाऊक नसावं? परक्याच्या स्वयंपाकघरातून डबा मागवल्यासारखंच झालं की हे!

इथे त्याच्या आईविषयी सांगायला हवं. कुसाबाई मूळच्या विंचूरकडच्या, आणि विकतचं खाणाऱ्या माणसाचं पोट आणि नीतिमत्ता दोन्ही बिघडतात, असं त्यांचं ठाम मत. पापड घरचे, कुरडया घरच्या, शेवया घरच्या. दर वैशाखात त्या पिशवी घेऊन डंकावर जात आणि वर्षाचा काळा मसाला कुटून आणत. दीपक रोज पहिल्या घासाला म्हणे, "विकतच्या मसाल्याला ही चव नाही." त्याशिवाय दुसरा घास त्याला उतरतच नसे. अशा घरात वाढलेला माणूस आयतं लिनक्स नऊ वर्षं वापरत होता, हेच एक आश्चर्य.

त्याने ठरवलं, लिनक्स घरी करायचं.

हे होऊ शकतं. लिनक्स म्हणजे मुळात जगभरच्या हजारो लोकांनी लिहून फुकट वाटलेले शेकडो सुटे भाग. बहुतेक लोक ते कोणीतरी जुळवून, तपासून दिलेलं घेतात. थोडे लोक मात्र एकेक भाग मूळ मजकुरापासून स्वतः घडवतात आणि एकमेकांत बसवतात. शिकण्यासाठी हा उत्तम उद्योग आहे, आणि दीपकने तो शिकण्यासाठी केला असता तर त्याच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं असतं. त्याला तो लॅबमध्ये चालवायचा होता.

मॅडमनी त्याचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. "ठीक आहे. पण ऑक्टोबरमध्ये मानांकनाची तपासणी आहे. तुमचं बिनघोर चाललं तर राहू दे. नाहीतर कंपनीचा माणूस बोलावून आयतं बसवून घेईन, मग माझ्यापुढे रडायचं नाही."

"मॅडम, आयतं परत येणार नाही," दीपक म्हणाला. छाती किंचित पुढे आली होती.

घरातल्या हॉलमध्ये जुळणी सुरू झाली ती ऐन वाळवणाच्या दिवसांत. वर गच्चीत कुसाबाईंच्या कुरडया वाळत होत्या आणि खाली लिनक्स घडत होतं. एकेक भाग घडायला कधी दहा मिनिटं लागत, कधी सहा तास. तेवढा वेळ संगणकाचा पंखा गुरगुरत राही आणि हॉल भट्टीसारखा तापे. नवव्या दिवशी मोठ्यात मोठा भाग साडेपाच तास घडत आलेला असताना दीपकच्या बायकोने, तेजस्विनीने, चटणीसाठी मिक्सर लावला. खटका पडला आणि दोन्ही गेलं, चटणी आणि लिनक्स.

"हे आता पहिल्यापासून करावं लागणार," दीपक म्हणाला.

"माझी पण," तेजस्विनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे समीकरण तिला चटकन दिसायचं.

त्या दिवसापासून घरात मिक्सरबंदी लागू झाली. कुसाबाईंनी आनंदाने माळ्यावरचा खलबत्ता काढायला लावला आणि तेजस्विनीने त्यात दोन महिने, नवऱ्याकडे पाहत पाहत, चटणी कुटली.

सल्ला द्यायला इमारतीत माणसांची वाण नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "पण आहेरराव, बाजारात मिळतंय ना?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हॉलच्या उष्णतेत पापडाचं पीठ आंबेल असा इशारा दिला. खरा सल्ला दिला तो तळमजल्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या इसाकभाईंनी.

"दीपकभाऊ, माझ्या मामूने एकदा स्वतः गाडी बनवली होती," ते म्हणाले. "इंजिन इकडचं, चाकं तिकडची. फर्स्ट क्लास चालायची. पण कुठे? अंगणात. रोडवर काढायची म्हटलं तर पासिंग कोण देणार? तुम्ही अंगणात चालवा ना. सवारी कशाला बसवता?"

"इसाकभाई, तुमच्या मामूंकडे जुळणीची पुस्तिका नव्हती. माझ्याकडे आहे."

"पुस्तिका होती भाऊ. ब्रेक नव्हता," इसाकभाई म्हणाले आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागले.

जूनअखेर लिनक्स तयार झालं. दीपकने त्याचं नाव ठेवलं 'कुसा'. आईला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. या कुसामध्ये फालतू असं काही नव्हतं. जे लागत नाही ते घडवायचंच नाही, या तत्त्वाने दीपकने सगळी अडगळ गाळली होती. रविवारी त्याने ते लॅबमधल्या सर्व्हरवर चढवलं, आणि सोमवारी सकाळी पहिला रिपोर्ट पडद्यावर निम्म्या वेळात उमटला. दीपकने स्वतःच स्वतःला चहा सांगितला. तो यायच्या आत झेबा दारात उभी.

"सर, प्रिंटर कुठे गेला?"

"तुझ्याच टेबलावर आहे ना?"

"टेबलावर आहे. कॉम्प्युटर नाही म्हणतोय."

अडगळ गाळताना छपाई गाळली गेली होती. दीपकच्या घरी प्रिंटर नव्हता, त्यामुळे जगात तो असतो याचा त्याला विसर पडला होता. छपाईचा भाग घडवायचा तर त्याला आधी दुसरे चार भाग लागत होते, त्या चारांना आणखी अकरा. म्हणजे लग्नाला एका आत्याला बोलवावं आणि तिच्यामागून अख्खी वाडी यावी. तीन दिवस झेबाने रिपोर्ट हाताने लिहून दिले. तिचं अक्षर सुंदर होतं आणि त्या तीन दिवसांतला चेहरा तसा नव्हता.

प्रिंटर सुरू झाला आणि चौथ्या दिवशी देवळाली कॅम्पातून एक निवृत्त सुभेदार कागद हातात धरून आले.

"यात लिहिलंय, माझं रक्त रात्री अडीचला काढलं."

"छपाईची चूक असेल, साहेब."

"मी रात्री अडीचला झोपलेला असतो. तीस वर्षं फौजेत होतो, माझी वेळ चुकत नाही. रात्री नऊला जेवलो. सकाळी आठला रक्त दिलं, म्हणजे अकरा तास उपाशी. तुमच्या हिशोबाने साडेपाच तास! मग ही शुगर उपाशीपोटीची कशी धरायची?"

मुद्दा बिनतोड होता. भारतातली वेळ जगाच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते हे संगणकाला सांगणारा एक लहानसा भाग असतो. तो दीपकने अडगळीत टाकला होता. चार दिवस अख्खी नाशिककर जनता नीरक्षीरच्या कागदांवर मध्यरात्री रक्त देत होती. दीपकने सुभेदारांची माफी मागितली. सुभेदारांनी ती लेखी मागितली. लेखी माफीवर प्रिंटरने वेळ घातली, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे.

पण सगळ्यांत वाईट झालं ते मंगळूचं. खेड्यांतल्या केंद्रांच्या रिपोर्टवर रुग्णाचं नाव आणि खाली सूचना मराठीत छापायची नीरक्षीरची जुनी पद्धत. कुसामध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. पडद्यावर दीपक इंग्रजीत काम करी, त्यामुळे त्याला कळलं नाही, आणि झेबाला वाटलं की ही सरांची काहीतरी नवीन पद्धत. हरसूलचा साठीतला मंगळू दोन तास एसटीत उभ्याने प्रवास करून आला आणि कागद काउंटरवर पसरून त्याने नावाच्या जागच्या चौकोनांवर बोट ठेवलं.

"सायेब, हे चौकोन कशाचे हायेत?"

दीपकने कागद स्वतःकडे वळवला.

"माझ्या बायकूच्या कागदावर चारच हायेत," मंगळू म्हणाला. "माझ्या कागदावर धा. खाली तर ओळभर हायेत. लय वाईट हाय का? पोरान्ला बोलावून घिऊ का गावाकडं?"

"नाही हो बाबा, तुमची तब्येत ठणठणीत आहे. ते तुमचं नाव आहे."

मंगळूने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला वाचता येत नाय," तो म्हणाला, "पण माझं नाव असं नसतं दिसत. मतदानाच्या कार्डावर येगळं हाय."

दीपकने त्याला बसवून चहा दिला, झेबाने सुंदर अक्षरात रिपोर्ट लिहून दिला आणि मंगळू निघून गेला. जाताना तो छापलेला कागदही घडी करून घेऊन गेला, भगताला दाखवायला. त्या रात्री दीपकला जेवण गेलं नाही. दोन दिवस एक म्हातारा माणूस मरणाची तयारी करत होता, आणि ते आपल्यामुळे, हे काही केल्या मनातून जाईना. विकतच्या मसाल्याचं वाक्यही त्याने म्हटलं नाही. कुसाबाईंनी मान वर करून पाहिलं.

शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. पण दीपकने अक्षरं बसवली आणि तो हट्टाला पेटला. पुढचे तीन महिने त्याने कुसाच्या सेवेत काढले. आयत्या लिनक्सवाल्यांना सुरक्षेत कुठे भोक पडल्याची बातमी आली की ते एक बटण दाबून जेवायला जातात. दीपकला प्रत्येक ठिगळ स्वतः शिवावं लागे, आणि एक शिवलं की दुसरीकडे उसवे. विंचूरला मेहुणीच्या मुलीच्या हळदीत तो मांडवाच्या खांबाला टेकून, कपाळाला हळद लावलेल्या अवस्थेत, फोनवरून झेबाला एकेक इंग्रजी अक्षर सांगत होता. "एस. सिन्नरचा एस. आता रेघ. आडवी रेघ, उभी नाही!" बँडवाल्यांनी त्याच्याकडे पाहून आवाज वाढवला. तेजस्विनीने त्या दिवसानंतर माहेरच्या लोकांना नवरा 'दवाखान्यात कामाला' असल्याचं सांगायला सुरुवात केली.

ऑक्टोबरात तपासनीस आले. माणूस अतिशय सभ्य. त्यांच्याजवळ टॅबलेट होता, टॅबलेटवर अर्ज होता आणि अर्जात चौकटी होत्या.

"सर्व्हरवर कोणती प्रणाली?"

"लिनक्स."

"कोणतं? यादीत सात आहेत."

"यादीतलं नाही. मी स्वतः केलंय."

तपासनीसांनी यादी वरखाली केली. "'इतर' असा पर्याय नाही. निर्माता कंपनी?"

"मीच."

"देखभाल कोण करतं?"

"मीच."

"निर्मात्याचा आणि देखभाल करणाऱ्याचा करार लागेल. आणि कार्यपद्धतीची पुस्तिका. म्हणजे तुम्ही नसाल तेव्हा दुसऱ्याला चालवता आलं पाहिजे."

"मी असतोच."

"उद्या द्वारका चौकात ट्रकने उडवलं तर?" त्यांनी हे पेन शोधता शोधता, काही वैर नसताना विचारलं. मॅडमनी दीपककडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू ट्रकची वेळ त्यांनाही जाणून घ्यायची असावी. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. कागद दिले नाहीत तर मानांकन थांबणार, आणि मानांकन थांबलं तर कुसा जाणार, हे मॅडमनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

करार करायला दीपक कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेला. लिहून देणार दीपक पुंजा आहेरराव, लिहून घेणार दीपक पुंजा आहेरराव. नोटरीने चष्मा काढला.

"अहो, एकाच माणसाचा स्वतःशी करार होत नाही. उद्या तुम्ही तो मोडलात तर दावा कोण कोणावर लावणार?"

"मी मोडणार नाही."

"सगळे असंच म्हणतात," नोटरी म्हणाला. "घरातलं दुसरं कोणी नाही का?"

तेजस्विनीने सही द्यायला साफ नकार दिला. मग 'कुसा लिनक्स'च्या निर्मात्या म्हणून श्रीमती कुसाबाई पुंजा आहेरराव, वय एकाहत्तर, यांनी सही केली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि सही ठळक करत. "आपल्या घरचंच हाय ना? मग कशाला घाबरायचं," असं म्हणून त्यांनी तीन प्रतींवर सह्या ठोकल्या.

पुस्तिकेचं मात्र जमेना. दीपक लिहायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय काय केलं ते आपल्याला सांगता येत नाही. इथे एक ओळ बदलली होती, पण का? तिथे एक भाग जुनाच ठेवला होता, पण कशासाठी? 'चालत नसल्यास थोडा वेळ थांबून पुन्हा करावे' असं त्याने एके ठिकाणी लिहिलं आणि स्वतःच खोडलं. तेजस्विनी टेबलापलीकडे वह्या तपासत होती.

"तुमच्या आईंसारखंच झालं," ती म्हणाली. "मी एकदा मसाल्याचं प्रमाण लिहून घ्यायला बसले होते. दगडफूल किती? तर मूठभर. मूठ कोणाची? तर त्यांची."

"चव बघ ना पण तिच्या मसाल्याची!" दीपक म्हणाला. "आई, सांग ना हिला नीट, एकदा लिहूनच ठेवू."

"काय करायचं लिहून?" कुसाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

चौदाव्या दिवशी तपासनीसांनी खातरजमा म्हणून करारावरच्या निर्मात्याच्या नंबरावर फोन लावला, मॅडमच्या समोर, आवाज मोठा करून.

"कुसा लिनक्स का? प्रणालीत बिघाड झाल्यास आपण किती वेळात दखल घेता?"

"कोण बोलतंय?" पलीकडून कुसाबाई म्हणाल्या.

"मी नीरक्षीर लॅबमधून. बिघाड झाल्यास काय करता आपण?"

"बिघडलं का पुन्हा?" कुसाबाईंचा आवाज कळवळला. "अहो, लय जीव काढलाय हो माझ्या लेकाने त्याच्यापायी. जेवत नाय धड. त्याला बोलू नका काही. जेवला का तो?"

तपासनीसांनी फोन ठेवला आणि चौकटीत काहीतरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते दीपकला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एक महिन्याची वाढीव मुदत मिळाली.

ती महिनाभर टिकली नाही. नोव्हेंबरातल्या एका दुपारी वीज गेली आणि परत येताना जोरात आली. सर्व्हरच्या पोटातून एक बारीक आवाज आणि त्यामागून वास आला. दीपकने फोन करताच इसाकभाई दुकानातून धावत आले, झाकण काढून पाहिलं आणि टोपी सारखी केली.

"बोर्ड गेला, भाऊ. पण डिस्क सलामत आहे. माझ्याकडे दुसरी मशीन आहे, याच्यापेक्षा भारी. डिस्क काढा, तिच्यात लावा, पाच मिनिटांचं काम."

आयतं लिनक्स असतं तर ते खरंच पाच मिनिटांचं काम होतं. आयतं कुठेही नांदतं. पण जे लागत नाही ते घडवायचं नाही, या तत्त्वाने दीपकने कुसाला फक्त त्या एका मशीनची ओळख करून दिली होती. दुसऱ्या मशीनमध्ये कुसाने डोळे उघडले, समोर सगळं परकं पाहिलं, आणि मिटून घेतले. दीपकने सात वेळा बटण दाबलं. सात वेळा तोच काळा पडदा. बाहेर दोनशेबारा लोकांचे रिपोर्ट अडकले होते. हरसूल केंद्रावरून फोन आला की एका बाळंतिणीला रक्त चढवायचं आहे, आकडे आत्ता हवेत. झेबाने यंत्रावरचे आकडे डोळ्यांनी वाचून फोनवर सांगितले, दोनदा म्हणून घेतले आणि मग तिने वळून दीपककडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आहेरराव," मॅडम म्हणाल्या. "पुरे."

तासाभरात कंपनीची इंजिनिअर आली. इन्शा तिचं नाव, तिशीची, बोलायला मऊ. तिने इसाकभाईंच्या मशीनवर आयतं लिनक्स चढवलं, जुन्या डिस्कवरून सगळे रिपोर्ट उचलले, प्रिंटर जोडला, आणि छपाई सुरू झाली. चाळीस मिनिटं लागली, आणि त्यांतली दहा ती चहा पीत होती. वेळ बरोबर होती. नावं मराठीत होती. दीपक शेजारी हात बांधून उभा होता. तिचं काहीतरी अडावं, एकदा तरी तिने मान वर करून काही विचारावं, अशी त्याने मनापासून इच्छा केली, आणि बाळंतिणीची आठवण येऊन त्याला स्वतःची लाज वाटली.

शेवटी तिने विचारलंच. "सर, हे जुनं तुम्ही एकट्याने घडवलं होतं?"

"हो."

"कमाल आहे. मला नाही जमणार," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग तिने जुनी डिस्क त्याच्या हातात दिली आणि सामान आवरलं.

दुसऱ्या दिवशी दीपक धीर करून लॅबमध्ये गेला. लोक काय म्हणतील याची त्याने रिक्षात उत्तरं तयार केली होती. कोणी काही म्हटलं नाही. रांग होती, रिपोर्ट निघत होते. अकराच्या सुमाराला झेबा सगळीकडे नजर फिरवत म्हणाली, "सर, आज काहीतरी बरं वाटतंय नाही? एसी दुरुस्त केला का?" जुन्या सर्व्हरचा पंखा बंद झाल्याची ती शांतता होती. सुभेदार महिन्याच्या तपासणीला आले, कागदावरची वेळ मनगटातल्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि न बोलता निघून गेले. दीपकला शिव्या चालल्या असत्या.

तीन आठवड्यांनी इसाकभाईंनी कुठल्याशा भंगारातून अगदी तसाच बोर्ड शोधून आणला. "अंगणात चालवा आता," ते म्हणाले. दीपकने तो हॉलमध्ये जोडला, डिस्क लावली, आणि कुसाने पहिल्या झटक्यात डोळे उघडले. तेव्हापासून ती टीव्हीच्या बाजूला चालू आहे. एक दिवसही बिघडली नाही. मिक्सर लागतो, खटका पडतो, वीज येते, की तिची ती उठून बसते. वेळ अचूक दाखवते. दुसरं तिला काही काम नाही.

परवा रविवारी वांग्याची भाजी होती. दीपक खाली मान घालून जेवत होता. कुसाबाई वाढताना थांबल्या.

"मसाल्याचं नाय म्हणला आज?"

"आई, घरच्या मसाल्याची चव विकतच्याला नाही," दीपक हजेरी दिल्यासारखा म्हणाला.

कुसाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. तेजस्विनीकडे पाहिलं, मग दीपककडे.

"घरचा नाय तो," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. खांदा गेला तवापासून भाजनं, निवडनं व्हत नाय. डंकावाली तयार इकती, तोच आणते. बरणीत भरते."

दीपकचा घास हातात राहिला.

"पयल्या दिवशी मी वाट बघत बसले," कुसाबाई म्हणाल्या. "म्हटलं, दीपक घास घेईल आन म्हणंल, आई, आज येगळं लागतंय. तू म्हणला, विकतच्याला ही चव नाय. आन दोनदा भाजी घेतली."

टीव्हीशेजारी कुसाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तेजस्विनीने हळूच भाकरीचा तुकडा मोडला आणि पानातच ठेवला.

"वाईट वाटलं असेल तुला," दीपक म्हणाला.

"वाटलं की. लय वाटलं. चाळीस वर्सं भाजला म्या." कुसाबाईंनी पदराने हात पुसले. "पण खांदा दुखायचा थांबला."

मग दीपकने ताट पुढे केलं आणि त्यांनी वाढलं. भाजी छान झाली होती.